फ्लेक्सवरचं नाक

तेलगावच्या चौकात स्वप्नालीचं फ्लेक्सचं दुकान. वाढदिवस, निवडी, श्रद्धांजल्या, सगळं तिच्याच कॉम्प्युटरवरून जायचं. मोहनरावनानांच्या साठीचा फ्लेक्स मात्र तीन दिवस अडून बसला होता, आणि तोही नाकावरून.

"पोरी, माझं नाक कावून वाकडं केलंस?" नानांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"मी हातबी लावला न्हाई, नाना. फोटो हाय तसाच हाय."

"रोज दाढी करतो मी. माझं नाक मला म्हाईत न्हाई व्हय? जरासं डावीकडं जातं, ते लक्षातबी येत न्हाई. हितं तर पार उजवीकडं पळालंय!"

चार वेगळे फोटो काढून झाले. चारही नापसंत. शेवटी स्वप्नालीच्या डोक्यात प्रकाश पडला. साठ वर्षं नानांनी स्वतःला फक्त आरशात पाहिलं होतं. तिनं वैतागून आरशात दिसतं तसं फोटोचं डावं-उजवं बदललं.

"हां! आता हाय मी," नाना खूश झाले.

ती छपाईला टाकणार, तेवढ्यात नानांच्या मागोमाग आलेल्या त्यांच्या पत्नी वत्सलाबाई स्क्रीनजवळ वाकल्या.

"ह्ये कोण गं? ह्यांच्यावानी दिसतंय, पण ह्ये न्हाईत. नाक दुसरीकडंच गेलंय. आन सदऱ्याचा खिसा उजवीकडं कसा?"

खिसा खरंच उजवीकडं गेला होता. स्वप्नालीनं कपाळाला हात लावला. मग स्वतःचाच फोटो उघडून सरळ आणि उलटा करून दाखवला. "बघा नाना, माझंबी कललेलं हाय. समद्यांचंच थोडं कुठंतरी कललेलं असतं."

नानांनी चष्मा पुसून पाहिलं. "तुझं तर लई वाकडं हाय की!"

इतक्या वर्षांत हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिचा हात आपसूक नाकाकडं गेला आणि तिला स्वतःचाच राग आला.

"आन माझं?" वत्सलाबाईंनी हसत विचारलं.

नाना बायकोकडं बघत राहिले. मग म्हणाले, "तुझं... कधी बघितलंच न्हाई बघ."

वत्सलाबाईंचं हसू विरलं. चाळीस वर्षं समोर बसून त्यांनी ह्या माणसाला जेवायला वाढलं होतं. "पहिला होता तसाच छाप गं," एवढं बोलून त्यांनी पिशवी उचलली आणि पायऱ्या उतरून गेल्या.

"हिला काय झालं आता?" नानांनी विचारलं.

स्वप्नालीनं मूळ फोटो छपाईला टाकला.

वाढदिवसाला फ्लेक्स चौकात लागला. लोकांनी हार घातले, पेढे खाल्ले. नाकाचं नाव कुणी काढलं नाही. दुपारी नानांचा फोन आला.

"पोरी, उद्या सकाळीच उतरवून टाक त्ये. मान दुखायला लागली माझी, बघून बघून."

"बरं, नाना," म्हणत तिनं फोन ठेवला. समोर गिऱ्हाईक फोटो घेऊन उभं होतं. त्याचंही नाक डावीकडं कललेलं होतं. स्वप्नालीनं नजर खाली वळवली आणि नाव कसं लिहायचं ते विचारलं.