जर्दाळूच्या झाडाचा खटला

"लुमिर पोकोर्नीला कोण कोण ओळखतं?" जजबाई ओल्सन यांनी विचारलं, आणि ज्यूरीसाठी बोलावलेल्या सगळ्यांनी हात वर केले. फिर्यादीच्या टेबलाशी बसलेल्या लुमिरचाही हात अर्धा वर गेला; त्याच्या वकीलबाईंनी तो हलकेच खाली आणला.

"आणि डेल्बर्ट सिकोराला?"

हात खाली आलेच नव्हते.

कोर्टात हशा पिकला. सगळ्यांत मोठ्याने हसली ती मागच्या बाकांवरची सहावीची मुलं. एक मे, अमेरिकेतला कायदा दिन. त्या दिवशी दरवर्षी शाळेचा एक वर्ग कोर्टाचं काम बघायला यायचा. वर्गाच्या बाईंनी डोळे वटारले तशी मुलं गप्प झाली.

"ओळख असणं हा काही गुन्हा नाही," जजबाई म्हणाल्या. "असता तर आपल्या काउंटीत बाहेर कोणी उरलंच नसतं. ओळख बाजूला ठेवून निवाडा करता येईल का, एवढंच आज बघायचंय."

दुसऱ्या रांगेच्या टोकाला बसलेल्या आर्डिथ नोवोट्नीने नव्या निळ्या जाकिटाची बाही सारखी केली. करता येईल. का नाही करता येणार? या दिवसाची तिने जन्मभर वाट पाहिली होती. तिच्या नवऱ्याला, लेनर्डला, ज्यूरीचं बोलावणं तीनदा आलं होतं. तिन्ही वेळा तो संध्याकाळी जेवायला बसायचा आणि ती काही विचारायच्या आत म्हणायचा, "खटल्याबद्दल मला बोलता येत नाही." मग असा काही रुबाबात चावत बसायचा, की तिला बटाट्यांचं भांडं त्याच्या डोक्यावर उपडं करावंसं वाटे. थोरल्या बहिणीलाही बोलावलं होतं. आर्डिथला कधीच नाही. लेनर्ड जाऊन बरीच वर्षं झाली, तिची सत्तरी उलटली, आणि मग या वसंतात बोलावणं आलं.

"आई, तुझ्या वयाला सूट आहे," सकाळी गाडीत जनेल म्हणाली होती. "एक फोन केला असता तर घरी बसली असतीस."

"घरीच बसलेली असते गं मी रोज."

"आणि खटला कुठला असेल ते सांगू?"

"नको सांगूस. मला निष्पक्ष राहायचंय."

खटला कुठला ते शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. लुमिर आणि डेल्बर्टच्या कुंपणात जर्दाळूचं एक जुनं झाड होतं. गेल्या हिवाळ्यात लुमिर खुब्याचं ऑपरेशन करून घ्यायला लिंकन शहरात गेला, आणि परत आला तो झाडाच्या जागी बुंधा. डेल्बर्टने करवत चालवली होती. झाड लुमिरच्या बायकोचं, व्लास्टाचं, लाडकं. ती त्याच्या आदल्याच वर्षी वारली होती. त्यामुळे लुमिरला ते फारच झोंबलं आणि त्याने डेल्बर्टवर दावा ठोकला. डेल्बर्टला साऱ्या गावाने विचारलं, का तोडलंस बाबा? तो म्हणाला, तोडायचं होतं, तोडलं. शपथेवर विचारलं तरी तेच. जन्मभर एकमेकांची शिडी धरून उभे राहिलेले दोन म्हातारे आता चर्चमध्येही वेगवेगळ्या दारांनी आत शिरत.

वकिलांचे प्रश्न सुरू झाले. पशुखाद्याच्या दुकानातल्या रूडीला विचारलं, दोघांशी सारखं वागता येईल का?

"येईल. दोघेही सारखेच हेकट आहेत."

त्याला ठेवून घेतलं. त्याच्या शेजारची बाई लुमिरची चुलत वहिनी निघाली.

"म्हणजे तुमचा कल पोकोर्नींकडे असणार," डेल्बर्टचे वकील म्हणाले.

"छे, छे. उलटा."

तिला आभार मानून घरी पाठवलं. जाताना तिने लुमिरला टाटा केला आणि त्यानेही केला.

मग आर्डिथची पाळी आली. लुमिरच्या वकीलबाई तरुण होत्या, बाहेरगावच्या. केस सुरेख कापलेले होते, फक्त मानेपाशी जरा वाकडे. आर्डिथच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"नोवोट्नीबाई, तुमचा व्यवसाय?"

"बायकांचे केस. मेन स्ट्रीटवर माझं पार्लर होतं. आता लेक चालवते."

"या झाडाबद्दल इतरांना माहीत नसलेलं काही तुम्हाला ठाऊक आहे का?"

प्रश्न अगदी सरधोपट होता. सगळ्यांना विचारला होता आणि सगळ्यांनी पटकन 'नाही' म्हटलं होतं.

'नाही' म्हटलं की आर्डिथ पलीकडच्या ज्यूरीच्या लाकडी कठड्याआड जाऊन बसणार होती. संध्याकाळी जनेलने विचारलं की म्हणणार होती, मला बोलता येत नाही. शिवाय पार्लरच्या खुर्चीत ऐकलेली गोष्ट तिने कधी दाराबाहेर नेली नव्हती. कोणाचं कोणाशी जुळलं, कोणाचं फाटलं, कोणाची सून स्वयंपाकघरात रडते, सारं तिच्या पोटात होतं. याच एका गुणावर तिचं पार्लर चाललं होतं.

तिने दोन्ही पक्षांच्या जोडून ठेवलेल्या टेबलांकडे पाहिलं. डेल्बर्ट मान खाली घालून आपली नखं बघत बसला होता. शिक्षकांनी कोपऱ्यात उभं केलेला मुलगा कसा दिसतो, तसा. त्याच्यापासून हातभर अंतरावर लुमिर नवा खुबा सांभाळत तिरका बसला होता आणि मुद्दाम खिडकीबाहेर बघत होता.

सकाळीच उजवा हात वर करून ती म्हणाली होती, खरं तेच सांगेन.

"आहे," आर्डिथ म्हणाली.

वकीलबाई पुढे काही विचारणार, तोच जजबाईंनी हात वर केला. "इथे नको. तुम्ही जवळ या. दोन्ही वकीलही या."

आर्डिथ मंचापाशी गेली. जजबाईंनी एक बटण दाबलं आणि छतातल्या कर्ण्यांतून सूं सूं आवाज सुरू झाला. जवळ चाललेलं बोलणं बाकीच्यांच्या कानी पडू नये, म्हणून तशी सोय होती.

"सांगा," जजबाई म्हणाल्या.

"व्लास्टा शेवटची माझ्याकडे आली ना, तेव्हा म्हणाली," आर्डिथने सुरुवात केली, "की झाड आतून पोकळ झालंय. आणि लुमिर दर जुलैला त्याच्यावर चढतो, मला कोलाच्यांच्या गोड पावात घालायला जर्दाळू हवेत म्हणून. मी गेल्यावर कोलाचे करायला कोणी नसेल, तरी हा मेला चढेलच, आणि पडून मरेल. मी डेल्बर्टला सांगून ठेवलंय, लुमिर घरी नसेल तेव्हा ते तोडून टाक आणि मी सांगितलं म्हणून कधी बोलू नकोस. मी म्हटलं, अगं, लुमिर त्याचा जीव घेईल. तर म्हणाली, घेऊ दे. माझ्यावर रागावला तर समजूत काढायला मी नसणार. डेल्बर्टवर रागावू दे, तो शेजारीच आहे."

बोलणं संपलं. सूं सूं चालूच होती, पण बाकी सारं कोर्ट चिडीचूप होतं. सहावीची मुलंसुद्धा हलत नव्हती. लघुलेखिकेने रुमाल काढला होता. रूडीने टोपी छातीशी धरली होती.

जजबाईंनी बटण बंद केलं.

"नोवोट्नीबाई, तुम्ही जरा मोठ्यांदा बोललात."

"हो का?" आर्डिथ म्हणाली. "केस वाळवायच्या यंत्राखाली बसलेल्या बायकांशी बोलून बोलून सवय झालीय. घों घों सुरू झाली की आवाज आपोआप चढतो."

जजबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. आर्डिथने आपल्या बाहीकडे पाहिलं.

"तुम्हाला या ज्यूरीत घेता येणार नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल."

"आलं," आर्डिथ म्हणाली, आणि तिचा चेहरा क्षणभर खरोखरच पडला.

लुमिर आता खिडकीबाहेर बघत नव्हता. तो डेल्बर्टकडे बघत होता. डेल्बर्टची नखं काही संपत नव्हती. मग लुमिरने टेबलावरचा पाण्याचा जग उचलला, आपल्या पेल्यात ओतलं, थांबला, आणि हात लांब करून डेल्बर्टच्याही पेल्यात ओतलं. थोडं सांडलं. जजबाईंनी मधली सुटी जाहीर केली.

सुटीनंतर बाकीच्या ज्यूरीलाही घरी सोडलं. दोन्ही बाजू आपसांत बोलताहेत, तुम्ही आलात म्हणूनच ते घडलं, असं जजबाईंनी सांगितलं. मागून एका मुलीने हात वर करून विचारलं, "मग जिंकलं कोण?"

"ते ठरायला जरा वेळ लागेल," जजबाई म्हणाल्या. "तोवर तुम्ही डबे खा."

आर्डिथ कोर्टाबाहेरच्या बाकावर उन्हात बसली होती. जनेलला फोन करून झाला होता; दुपारच्या आतच आईला न्यायला यावं लागतंय म्हणून तिला हसू आवरत नव्हतं. मागचं दार उघडलं. काठी टेकत लुमिर आला आणि त्याच्यामागे पावलाभराच्या अंतराने डेल्बर्ट.

"तू मला सांगायला हवं होतंस," लुमिर मागे न बघता म्हणाला.

"शब्द दिला होता."

"कोणाला?"

डेल्बर्टने उत्तर दिलं नाही. अजूनही नाही. लुमिर मान हलवत हसला.

"बघितलंस, आर्डिथ? गाढवाशी शेजार आहे माझा."

"खरंच पोकळ होतं रे," डेल्बर्ट म्हणाला. "बुंध्यात हात घातला तर कोपरापर्यंत आत गेला."

सावकाश, खुबा सांभाळत लुमिर आर्डिथच्या शेजारी बसला आणि त्याने काठी गुडघ्यांत धरली. डेल्बर्ट उभाच राहिला. मग लुमिरने बाकावर हात आपटला, तसा तोही टेकला.

रस्त्यापलीकडे जनेलची गाडी येऊन थांबली. तिने हॉर्न वाजवला.

"आर्डिथ," लुमिर काठीच्या मुठीकडे बघत म्हणाला, "त्या दिवशी ती आणखी काय काय म्हणाली?"

आर्डिथने हात उंच करून जनेलला खूण केली, गाडी बंद कर.