हरकती व सूचना

आमच्या गटाचं नाव 'मागची पट्टी मित्रमंडळ'. नाव मीच ठेवलं आणि ते किती रुक्ष आहे हे मला ठाऊक आहे. चौतीस वर्षं सरकारी कचेरीत कारकुनी केलेल्या बाईला याहून गोड नाव सुचत नाही. येरवड्यात आमच्या वसाहतीमागे एक सार्वजनिक बाग आहे. पुढे हिरवळ, घसरगुंडी, चालायला फरसबंद वाट, आणि मागे नाल्याच्या कडेने एक लांबट पट्टी. अकरा वर्षांपूर्वी त्या पट्टीत राडारोडा, फुटके कमोड आणि लग्नांतल्या पत्रावळी पडलेल्या असायच्या. आम्ही चौदा जणांनी ती साफ केली. आता तिथे तेवीस झाडं आहेत आणि मंडळात तीन माणसं.

तीन म्हणजे एक मी, प्रेमला सोनावणे, वय सदुसष्ट. दुसरे मन्सूरभाई बागवान, माझ्याहून चार वर्षांनी मोठे. जन्मभर फर्निचरला पॉलिश करण्यात गेला, त्यामुळे नखांच्या कडा अजून तपकिरी. तिसरी कल्याणी. ती खराडीला नोकरी करते, रविवारी येते आणि उरलेले सहा दिवस मोबाइलवर असते. तिने काढलेल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोनशे बारा लोक आहेत. फोटो टाकला की अंगठे येतात. श्रमदानाला या म्हटलं की हात जोडलेले येतात.

आमच्या मंडळात कामाची वाटणी कुणी न सांगता झाली होती. झाडं मन्सूरभाईंची, कागद माझे. नळजोडणीचा अर्ज, कुंपणाचा अर्ज, नाल्यातल्या डासांचा अर्ज, सगळे माझ्या अक्षरात. मन्सूरभाई मी सांगीन तिथे सही करायचे. "वाचा तरी आधी," मी ओरडायचे. "तुम्ही वाचलंय ना," असं त्यांचं ठरलेलं उत्तर.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी बुद्धवंदना आटोपून साडेसहाला बागेत गेले, तर रखवालदार सर्जेराव फाटकातच उभे.

"मॅडम, मागं झाडान्ला कागदं ठोकल्यात. तुमचा भाई तकडंच हाय."

मन्सूरभाई पकडीने खिळे उपटत होते. खिळा काढायचा आणि तोच कागद सुतळीने त्याच खोडाला बांधायचा, असं त्यांचं चाललं होतं. कागद फेकून का देत नाही, विचारलं तर म्हणाले, "कागद सरकारचा, तो राहू दे. पण खिळा माझ्या झाडात कशाला?"

मी चष्मा लावून वाचलं. वाहनतळासाठी तेवीस वृक्ष काढणे प्रस्तावित. नागरिकांनी आपल्या हरकती व सूचना सात दिवसांत लेखी सादर कराव्यात.

"हरकत घ्यायची," मी म्हटलं.

"आमच्या घरात हरकत करणं म्हणजे वाह्यातपणा," मन्सूरभाई म्हणाले. "पोरांना मारायचे त्यासाठी. आता सत्तरीनंतर करायची म्हणता?"

"करायची. लेखी."

मी तीन रात्री बसून चार पानं लिहिली. प्रत्येक झाडाचा क्रमांक, जात, घेर, लावल्याचं साल. कडुनिंब सात, करंज पाच, बहावा, कांचन, शिरीष, बाकीचे संकीर्ण. खाली कायद्याचं कलम. चौतीस वर्षांत इतका नेटका मसुदा माझ्या हातून झाला नव्हता, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा गर्व वाटला. मुदतीच्या आत पोच घेतली, पोचेवर शिक्का घेतला, शिक्क्यावरची तारीख दोनदा तपासली.

सुनावणीचं पत्र आलं, तारीख मार्चमधली, वेळ सकाळी अकराची. तेव्हा रमजान चालू होता. मी मन्सूरभाईंना म्हटलं, तुम्ही येऊ नका, मी बघते. ते म्हणाले, झाडांची माहिती विचारली तर तुम्ही काय सांगणार, घेर किती ते? कल्याणीचा त्या दिवशी कसलासा महत्त्वाचा कॉल होता.

कचेरीच्या बोळकांडीत एक बाकडं होतं आणि वर बंद पंखा. अकराचे बारा झाले, बाराचे दोन. साहेब राउंडला होते, मग जेवायला होते, मग नुसतेच नव्हते. मन्सूरभाई भिंतीला डोकं टेकून बसले होते. ओठ पांढरे पडले होते. माझ्या पिशवीत पाण्याची बाटली होती, पण त्यांच्यासमोर मला ती उघडवेना. अडीचला मी म्हटलं, "घरी जा हो, मी हात जोडते." त्यांनी डोळे न उघडताच मान हलवली. नाही म्हणून.

सव्वातीनला आत बोलावलं. साहेब वयाने आम्रपालीएवढे, म्हणजे माझ्या मुलीएवढे, आणि बोलायला फारच मृदू. बाजूला एक मुलगी संगणकावर बसली होती. त्यांनी माझी चार पानं उलटसुलट चाळली.

"काकू, फार छान लिहिलंय. आता एवढं सगळं आज ऐकायला वेळ नाहीये, मला मीटिंगला जायचंय. तुमच्या मुद्द्यांवर पुढे कार्यवाही करू. आज उपस्थिती नोंदवून घेतो. चालेल ना?"

मी मन्सूरभाईंकडे पाहिलं. ते खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. बसायला सांगितलं तरी बसले नव्हते. बसलो तर उठवणार नाही, असं त्यांना वाटलं असणार. मला एकच दिसत होतं, या माणसाला रिक्षात घालायचं आणि घरी पोचवायचं.

"हरकत नाही," मी म्हणाले.

मुलीने टाइप केलं, छापलं, कागद पुढे सरकवला. मी सही केली. मन्सूरभाईंनी माझ्या सहीखाली केली.

ईदनंतर दहा दिवसांनी घरी आदेश आला. स्वयंपाकघरात उभ्या उभ्या फोडला. 'अर्जदार सुनावणीस समक्ष उपस्थित राहिले व हरकत नाही असे त्यांनी नमूद करून स्वाक्षरी केली. अन्य हरकती प्राप्त नाहीत. सबब तेवीस वृक्ष काढण्यास परवानगी देण्यात येत आहे.'

मी गॅस बंद केला आणि खाली फरशीवर बसले.

हे दोन शब्द माझ्या तोंडात बसलेत. रिक्षावाल्याकडे सुटे नसले, हरकत नाही. दूध उशिरा आलं, हरकत नाही. आमचे सोनावणे गेले तेव्हा डॉक्टर "सॉरी" म्हणाले, तर त्यांनाही मी हरकत नाही म्हटलं होतं, असं आम्रपाली सांगते. कचेरीत वरिष्ठांसमोर दुसरं काय म्हणणार? नाही म्हणायची सोय नव्हती आणि हो म्हटलं की काम गळ्यात पडायचं, म्हणून हे मधलं. ते नेमकं तिथे आणि तेव्हा यावं. आणि न वाचता सही! ज्या बाईने सत्तर लोकांना वाचल्याशिवाय सही करू नका म्हणून झापलं, तिने. मला इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी कचेरीत गेले. संगणकावरची ती मुलगी मला ओळखून हसली. मी कागद दाखवला. तिने वाचला, मग माझ्याकडे पाहिलं.

"पण काकू, तुम्ही तसंच म्हणालात ना?"

"ते चालेल का विचारलं, त्याला म्हणाले मी."

"मी जे ऐकलं ते टाइप केलं," ती म्हणाली. तिचा चेहरा इतका पडला की मला तिचीच समजूत काढावीशी वाटली. तिची काही चूक नव्हती. साहेब रजेवर होते. दुरुस्तीचा अर्ज घेतला गेला. उत्तर तीस दिवसांत. पोचेवर शिक्का.

कल्याणीने ऑनलाइन सह्यांची मोहीम काढली. चारशे सह्या झाल्या. रविवारी सकाळी सातला पट्टीत जमायचं ठरलं, तर आली ती आणि तिच्या सोसायटीतली एक बाई, जिला आठला योगासनांच्या वर्गाला जायचं होतं. कल्याणी रडकुंडीला आली. मी तिला काय सांगणार? ती निदान आली तरी.

मन्सूरभाईंना मी काहीच सांगितलं नव्हतं. बारा दिवस. रोज सकाळी ते झाडांसाठी पाण्याचे डबे भरून आणायचे, रोज विचारायचे, "काही आलं का कचेरीतून?" आणि मी म्हणायचे, वेळ लागतो त्यांना. मला हे लिहितानासुद्धा कसंतरी होतं.

शुक्रवारी सर्जेरावांनी फाटकात अडवलं. "सोमवारी मशीन येनार हाय, मॅडम. ठेकेदाराचा मानूस बगून गेला."

मग पळवाट उरली नाही. मन्सूरभाई पाणी घालत होते. मी त्यांच्यामागून चालत सगळं सांगितलं. आदेश, दोन शब्द, सही, बारा दिवस. ते थांबले नाहीत. पहिल्या कडुनिंबापासून शेवटच्या शिरीषापर्यंत त्यांनी पाणी घातलं, एकही झाड गाळलं नाही. डबा उपडा करून झटकला. मग खाली बसले.

"मोठी निघणार नाहीत," ते म्हणाले. "मनगटाएवढी सहा आहेत. दोन दिवस आहेत आणि आपण दोघं. तीन निघतील. उन्हाळ्यात हलवलेलं झाड जगत नाही, तिनातलं एक जगलं तर नशीब. पुढच्या बागेत भिंतीकडे लावू."

"झाड हलवायलाही परवानगी लागते," माझ्या तोंडून निघून गेलं.

त्यांनी रिकामा डबा बाजूला सारला.

"कुठली तीन, सांगा," ते म्हणाले.

"मला नका विचारू."

"मग कुणाला विचारू? तेविसांचं तुम्ही बोललात. तिघांचंही बोला."

आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, मी उलट भांडले असते. मी उठले आणि सहा झाडांपाशी एकेक करून उभी राहिले. कांचन म्हटलं, त्याला कळ्या होत्या. बहावा म्हटलं, तो पुढच्या महिन्यात फुलला असता. तिसऱ्यापाशी अडले. एका बाजूला करंज होता, मन्सूरभाईंच्या नातीने, रुमानाने, दहाव्या वाढदिवसाला लावलेला. सहा वर्षं ती दर वर्षी त्याच्याशेजारी उभी राहून फोटो काढते. दुसऱ्या बाजूला एक उंबर, कुणीच न लावलेला, पक्ष्यांच्या विष्ठेतून उगवलेला.

"रुमानाचा करंज," मी म्हटलं.

"का?"

"ती विचारेल तुम्हाला."

"माझ्या घराची काळजी राहू द्या. झाडाकडे बघून सांगा."

अकरा वर्षं मी या झाडांचे घेर लिहून घेतले होते. त्यांच्याकडे बघून सांगायची वेळ कधी आली नव्हती. खाली वाकले. करंजाचं खोड बुंध्याशी चिरलेलं होतं आणि मुळं जुन्या राड्यातल्या सिमेंटच्या तुकड्यात शिरली होती. ओढला असता तर तुटलाच असता. उंबर सरळ होता, मोकळ्या मातीत.

"उंबर," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि पहार उचलली.

शनिवारी कांचन आणि बहावा निघाले. सर्जेराव त्या वेळी नेमके बागेच्या दुसऱ्या टोकाला पाइप तपासत होते, दोन्ही दिवस. कल्याणी ऑफिस बुडवून आली आणि तळहाताला फोड येईपर्यंत खड्डे खणत राहिली. रविवारी दुपारी उंबराची पाळी आली. मन्सूरभाईंनी भोवती चर खणला, खालची मुळं कोयत्याने तोडली, आणि बुंध्याशी ओलं गोणपाट पसरलं. करंज हातभर अंतरावर उभा होता. त्याच्याकडे ते एकदाही पाहत नव्हते.

"प्रेमलाताई, खाली बसा. मुळांखाली दोन्ही हात घाला. मातीचा गड्डा फुटला तर झाड गेलं."

मी बसले. गुडघे बोलले, पण बसले. हात कोपरापर्यंत ओल्या मातीत घातले. झाड दिसत होतं त्याच्या चौपट जड होतं.

"रुमानाला मी समजावून सांगेन," मी म्हटलं. "चूक माझी आहे, मीच सांगते."

मन्सूरभाई सुतळी आवळत होते. त्यांनी गाठ मारली, ती ओढून पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्यांच्या डोळ्यांत, मी शोधला. फक्त थकवा होता.

"नको," ते म्हणाले. "तुम्ही काही बोलू नका. फक्त धरा."

मी ओठ मिटले आणि धरून राहिले.