झुराकानचा पुढचा दात

मी एक जुना लोखंडी कोमुझ आहे. तुमच्याकडे मोरचंग म्हणतात ना, त्याच्याच नात्यातला. मुठीत मावेन एवढाच. माझी चौकट पुढच्या दातांना टेकवायची आणि मधली पोलादी जीभ बोटाने छेडायची, की वाजवणाऱ्याचे तोंड घुमू लागते. म्हणून मित्रांनो, मला स्वतःचा असा आवाज नाही. ज्याचे दात, त्याचा आवाज.

नारीन नदीच्या वरच्या डोंगरात एका लोहाराने मला मोडक्या विळ्याच्या पात्यातून घडवले आणि आपली लेक झुराकान सासरी निघाली तेव्हा तिच्या हाती दिले. नव्या सुनेने वडीलधाऱ्यांपुढे तोंड उघडायचे नाही, अशी तिकडची रीत. झुराकान दिवसभर मान खाली घालून चहा ओतायची. संध्याकाळी घोड्यांचे दूध काढून झाले, की तंबूमागे बसून मला दातांत धरायची. दिवसभर गिळलेले सगळे बोलणे माझ्यातून बाहेर यायचे.

एकदा तिच्या सासऱ्यांनी ते ऐकले. मी गारच पडलो. पण ते म्हणाले, "सूनबाई, तू बोलत नाहीस तेच बरं आहे. एवढं सगळं तोंडाने बोललीस तर आम्ही जायचं कुठं?" त्यानंतर पाहुणे आले की तेच सांगायचे, "आण गं तुझं लोखंड."

पुढे मी लग्नांत वाजलो, बारशांत वाजलो, उन्हाळी कुरणांवरच्या मेळ्यांत वाजलो. झुराकानचे केस पांढरे झाले. नवरा गेला त्या वर्षी ती कुणाशी धड बोलली नाही, पण मला रोज वाजवले. माझी चौकट घासून घासून तिच्या वरच्या एका पुढच्या दाताचा कोपरा उडाला होता, तो जरासा हलतही होता. पण आमचा सूर नेमका तिथूनच निघायचा.

गेल्या शरदात तिची उजवीकडची मागची दाढ ठणकू लागली. मीठ लावून झाले, धुरी घेऊन झाली. झुराकानने जन्मात दातांच्या डॉक्टरचे तोंड पाहिले नव्हते. शेवटी तिची सून नाझिक म्हणाली, "आपा," तिकडे थोरल्या बाईला असेच म्हणतात, "पुरे झाला हट्ट. रोटी चहात बुडवून खाताय, झोपेत कण्हताय. उद्या आपण गावात जायचं." झुराकानने धीर यावा म्हणून मला कोटाच्या खिशात टाकले.

दवाखान्यात आम्ही सकाळी बाकावर बसलो. मागून आलेले लोक दार ढकलून आत जात होते, हसत बाहेर येत होते. नाझिकने परिचारिकेला विचारले, "आम्ही कधीचे बसलोय, आमचा नंबर कधी?"

"बसलाय ना? मग बसा."

दुपार कलल्यावर हाक आली. नाझिकला दाराबाहेरच थांबवले. झुराकान एकटी त्या उंच खुर्चीत बसली, मला मुठीत आवळून. डॉक्टर अझमत तरुण होता आणि घाईत होता.

"डॉक्टर, ही मागची..."

"बोलू नका, आपा. तोंड उघडा." त्याने आत दिवा धरला. "हा पुढचा बघा कसा झालाय. हलतोय सुद्धा."

झुराकानने नको म्हणून मान हलवली. त्याने सुई टोचली. तिने हात वर केला. "हात खाली. काही दुखणार नाही," तो म्हणाला. मित्रांनो, तिच्या मुठीत माझी चौकट वाकते की काय असे मला वाटले. मग ताटलीत टक् असा आवाज झाला. माझा दात, ज्याला मी जन्मभर टेकलो होतो, तो तिथे पडला होता. मी लोखंडाचा असूनही सुन्न झालो.

"इथे सोन्याचा बसवू, झकास दिसेल," डॉक्टर हात धूत म्हणाला.

झुराकानने बधिर जिभेने गालाकडे बोट दाखवले. "आणि दाढ?"

"कुठली दाढ?"

तिने पुन्हा बोट दाखवले. त्याने घड्याळाकडे पाहिले. "आज मला निघायचंय. मंगळवारी या."

बाहेर नाझिकला सासूच्या पुढच्या दाताची रिकामी जागा दिसली. मग कोट चढवत निघालेल्या डॉक्टरला तिने अडवले. "मागची दाढ दुखते म्हणून आणलं होतं मी यांना."

"तो हलत होता. आज ना उद्या पडलाच असता."

"पडला असता तर पडला असता. तुमच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला काय होतंय, एवढं तरी विचारायचं."

तो जिना उतरून गेला.

घरी झुराकानने मला ओठांशी नेले. मी घसरलो. नुसती हवा फुसफुसली. तिने मला रुमालात गुंडाळून फळीवर ठेवले. दाढ ठणकतच होती, आणि आता ती हसतानाही तोंडावर हात धरू लागली. फळीवर पडल्या पडल्या मला वाटले, आपले आयुष्य संपले.

पण मंगळवारी तिने मला खाली काढले. नाझिकने विचारले, "पुन्हा त्याच्याचकडे?"

"त्याच्याचकडे."

खुर्चीत बसून झुराकानने तोंड घट्ट मिटले. डॉक्टर म्हणाला, "उघडा." तिने मला त्या भगदाडाशी लावले आणि छेडले. खरखर झाली, हवा निसटली, सूर लागला नाही. तरी ती पूर्ण धून वाजवून थांबली.

"हे माझं बोलणं होतं," ती म्हणाली. "त्या दातावर होतं."

डॉक्टरच्या हातातला चिमटा तसाच राहिला. "मला ठाऊक नव्हतं, आपा."

"विचारलं असतंत तर सांगितलं असतं."

त्याने चिमटा खाली ठेवला, स्टूल ओढून तिच्यासमोर बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "सांगा. कुठं दुखतंय?"

तिने सावकाश सगळे सांगितले. दाढ त्याने नीट काढली. पण गेलेला दात काही परत आला नाही.

आता ती मला डावीकडच्या सुळ्याला टेकवते. सूर खोल आणि तिरपा येतो. परवा नाझिक म्हणाली, "आपा, म्हातारा मेंढा खोकतोय असं वाटतं."

"खोकू दे," झुराकान म्हणाली, आणि पुन्हा छेडू लागली.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना थोडे तेल लावा, कोरडे ठेवा, म्हणजे आम्ही टिकतो. माणसांना तेवढे पुरत नाही. कुणाला बरे करायला निघालात, तर आधी त्याच्यासमोर बसा आणि कुठे दुखते ते विचारा. त्याचे सांगून पुरे होईपर्यंत आपले हात मागे ठेवा.