वाकड्या अंगणाचं दार

आक्काच्या कारखान्याचं दार तिसऱ्यांदा अडकलं आणि या खेपेला तिने सुताराला शिव्या घातल्या नाहीत. त्याचंच त्याला जास्त लागलं. सुतार म्हणजे तिचा धाकटा भाऊ. त्याला लहानाचा मोठा तिनेच केला, कामाला तिनेच लावला, आणि घराला लागून गाद्या-उशा शिवायचा कारखाना काढला तेव्हा दारही त्याच्याकडूनच करून घेतलं. आता तिने फोनवर शांतपणे सांगितलं, की सोमवारी बाजारातला सुतार येऊन बघणार आहे.

त्याच दुपारी तो हत्यारांची पिशवी घेऊन गेला. चौकटीला ओळंबा सोडला. वर लाकडाला टेकलेला दोरा खाली बोटभर सुटला होता. गेल्या खेपेला हीच चौकट त्याने उखडून सरळ बसवली होती.

"चौकट परत कललीय, आक्का. मला वाटतं जमीनच..."

"नाचता येईना, अंगण वाकडं," आक्का सुईत दोरा ओवत म्हणाली.

ही म्हण तो वर्षभर ऐकत होता. शिवणाऱ्या बायका तर हल्ली तो दिसला की "अंगण आलं" म्हणायच्या. तोही हसायचा. मग घरी जाऊन स्वतःच्याच दाराला ओळंबा लावून बघायचा, की आपला हात तर बिघडला नाही ना.

वस्तीच्या वरच्या अंगाला वीजकेंद्र होतं. जमिनीच्या पोटातलं कढत पाणी वर काढून त्याच्या वाफेवर वीज करायचे. धूर नाही, राख नाही, त्यामुळे लोकांना त्याचं कौतुकच होतं. तिथली मोजणीवाली बाई खांद्यावर तिपाई टाकून त्या दुपारी आक्काच्या अंगणात आली. पायरीत बसवलेल्या पितळी खिळ्याची उंची ती दर वर्षी लांबच्या टेकडीवरच्या खडकाशी ताडून बघत असे. तिने दुर्बिणीला डोळा लावला, आकडा लिहिला, परत डोळा लावला. मग सुताराच्या हाती उभी पट्टी देऊन त्याला अंगणाच्या चारी कोपऱ्यांवर फिरवलं.

"खिळा तर खाली गेलाच आहे," ती म्हणाली. "पण हा कोपरा त्या कोपऱ्यापेक्षाही चार बोटं खाली आहे."

आत शिवणयंत्रं थांबली. या वाक्याची सुताराने वर्षभर वाट पाहिली होती. पण आक्काचा उतरलेला चेहरा दिसला आणि त्याला वाटलं, चूक आपल्या हाताची निघाली असती तर बरं झालं असतं. दार बदलता येतं.

"पट्टी मीच नीट धरली नसेल," तो पुटपुटला.

बाईने परत मोजलं. आकडा तोच आला.

मातीच्या कणांमधलं पाणी वरचा थोडा भार पेलतं, तिने समजावलं. ते काढून घेतलं की सगळा भार कणांवर येतो आणि ते दाटून बसतात. थर कुठे जाड, कुठे पातळ, म्हणून खचणंही सारखं नाही. बोलता बोलता तिने एक उशी तळहाताने दाबून दाखवली.

"हात काढला की फुगते," आक्का म्हणाली.

"नवी फुगते. जुनी?"

आक्काने उशी तिच्या हाताखालून ओढून घेतली. "जुनी नाही फुगत. कापूस पिंजावा लागतो."

"जमीन पिंजता येत नाही."

पाणी परत खाली सोडायला केंद्राने सुरुवात केली होती. खचणं मंदावेल, बाई म्हणाली, थांबेलच असं मी म्हणणार नाही. भिंतींना तडे नव्हते, घरात राहायला हरकत नव्हती. दर वर्षी मोजत मात्र राहावं लागणार होतं.

ती गेल्यावर सुतार उंबऱ्यावर बसून राहिला. दोनदा त्याने चौकट सरळ केली होती, गुण्या लावून काटकोनात दार घडवलं होतं. सगळं घर कलतंय आणि मधे एकटी चौकट ताठ. तिचं घराशी जमणार कसं? गुण्याशी बेइमानी करू नये असं उस्तादांनी शिकवलं होतं. त्याने गुण्या फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवला. कललेली चौकट होती तशीच पुठ्ठ्यावर उतरवून घेतली, त्यावरून दार कापलं, आणि पुढच्या वर्षासाठी खाली थोडी जास्त फट ठेवली. दार चांगलंच वाकडं झालं. चौकटीत बसवलं तर हूं की चूं न करता मिटलं.

आक्काने ते उघडून पाहिलं, मिटून पाहिलं, परत उघडलं. मग फोन उचलून बाजारातल्या सुताराला सोमवारी येऊ नको म्हणाली. त्याने कारण विचारलं असावं.

"तुला सरळच दार करता येत असणार," आक्का म्हणाली.