सरदारीण

सरदार या शब्दाचं स्त्रीलिंग मी सरदारीण केलं आणि माझ्या भाचीचा आवाज घालवून बसलो.

प्राजूचा तेव्हाचा, तेरा वर्षांचा आवाज म्हणजे मार्गशीर्षातल्या सकाळचं उंब्रज होतं: वर उसाच्या पात्यांतून वारा जातानाची खरखर, आणि खाली कोवळ्या उन्हानं किंचित कोमटलेलं तारळी नदीचं संथ पाणी. ती हसली की खरखर पुढे येई, रागावली की पाणी. परदेशातली एक कार्टून मालिका मराठीत येत होती. पाषाणात रुतलेली तलवार उपसून, जादूची रत्नं धारण करून राज्य राखणाऱ्या घोडेस्वार मुलींची. तिचे संवाद मी लिहीत होतो, आणि नायिकेच्या आवाजासाठी प्राजूचं नाव मीच सुचवलं होतं. महिनाभर तिनं गोठ्यातल्या म्हशींना युद्धाचे हुकूम दिले. माझ्या आयुष्यातली ही एकमेव शहाणी सूचना. ती उधळायलाही मीच पुढे झालो.

विश्रामबागेतल्या ध्वनिमुद्रणाच्या खोलीत, काचेपलीकडच्या पिवळ्या उजेडात, ती ओढणी कमरेला खोचून उभी राहिली. तलवारीच्या अदृश्य मुठीभोवती तिची बोटं अशी आवळली, की त्या दगडालाच घाम फुटावा. वाक्य होतं, 'आजपासून मी या राज्याची सरदारीण.' ती अर्ध्यावर थांबली.

"मामा, सरदारीण कशी? हिचा नवरा कुठं हाय?"

"अगं, सरदारचं स्त्रीलिंग आहे ते."

"पप्पा सुभेदार, म्हणून आईला समदं गाव सुभेदारीण म्हणतं. तिनं कवा बंदूक धरली?"

दिग्दर्शकानं माझ्याकडे पाहिलं. लेखक म्हणतील तसं, असा त्याचा चेहरा. 'सरदार म्हण' एवढे दोन शब्द माझ्या ओठांपर्यंत आलेही होते. पण चार अनोळखी माणसं ऐकत होती, आणि मराठीतली माझी एम. ए.ची पदवी एका आठवीतल्या पोरीपुढे वाकायला तयार होईना. म्हणालो, "लिहिलंय तसं म्हण."

तिनं कमरेची ओढणी सोडली, शांतपणे घडी घातली. "न्हाई म्हणणार."

दुपारपर्यंत दुसऱ्या एका मुलीनं ते वाक्य बिनतक्रार म्हणून टाकलं आणि काम तिचं झालं. पुढे दुसऱ्या भागापासून वाहिनीच्या वरच्या मंडळींनी तो शब्द बदलून 'सरदार'च केला. शब्द बदलला, मुलगी कोण बदलतंय?

याला चार वर्षं झाली. परवा रविवारी उंब्रजला बहिणीकडे गेलो, तर टीव्हीवर पहिलाच भाग पुन्हा लागलेला. प्राजू समोर बसलेली. तिचा आवाज आता स्थिरावलाय. खरखर विरली, पाणी खोल गेलं. तो जुना आवाज कुठेच नोंदलेला नाही, माझ्या कानांखेरीज, आणि माझ्या कानांचा लौकिक वर आलाच आहे. गेलेल्या माणसाची तसबीर तरी भिंतीवर उरते. जिवंत माणसाचं गेलेलं वय मात्र पाऊलही न वाजवता निघून जातं, आणि आठवण भलत्याच वेळी, भलत्याच दाराशी त्याला हाका मारत राहते. हे सगळं मी टीव्हीसमोर उभा राहून, बऱ्यापैकी गहिवरून, तिला सांगू लागलो.

"मामा, सरका तिकडं," ती म्हणाली. "तुमची चूक नीट ऐकू तरी द्या."