एक जून

"किरणदादा, तुम्ही जेलमध्ये होता का?"

प्रश्न अस्मिताने विचारला, पण पैज स्वरदाची होती. सगळं सुरू झालं शुक्रवारच्या फायर ड्रिलपासून. घंटा झाली, मरोळच्या त्या शाळेतली सातशे पोरं पटांगणात उतरली आणि पी.टी.चे सर माइकवरून ओरडले, "दोघादोघांनी खाली बसा, मोजणी होणार." पोरं बसली, तसा प्रयोगशाळेतला किरणदादाही बसला. उकिडवा, मान खाली, हात गुडघ्यांभोवती बांधलेले. शिपाई उभे, शिक्षक उभे, आणि हा चौतीस वर्षांचा माणूस पोरांच्या रांगेत शेवटी. पोरं हसली तेव्हा तो चटकन उठला, पँट झटकली आणि उगाच आभाळाकडे बघत राहिला.

"माझा काका पोलिसात आहे," मधल्या सुट्टीत स्वरदा म्हणाली. "असं कुठे बसवतात माहितीये? जा, विचारून दाखव. मोठी वक्ता ना तू?"

हे डिवचणं बरोबर जागी लागलं. नववीपर्यंत अस्मिता शेवटच्या बाकावरची, हजेरीलासुद्धा पुटपुटणारी. पण दहावीत आल्या आल्या आंतरशालेय स्पर्धेत 'सोळा वर्षांच्या गुन्हेगाराला मोठ्यांचीच शिक्षा हवी' असं ठणकावून तिने ढाल आणली होती. "कायद्याला कुठेतरी रेष मारावीच लागते," या तिच्या वाक्याला सभागृह टाळ्यांनी दणाणलं होतं. तेव्हापासून तिला वाटायचं, आपण कुणालाही काहीही विचारू शकतो.

किरणदादा परीक्षानळ्या धूत होता. त्याने वळून पाहिलं नाही. हातातली नळी नीट उपडी ठेवली.

"कोण बोललं?"

"कोण नाही. तुम्ही बसलात ना त्या दिवशी, म्हणून."

"हां." त्याने हात पुसले. "होतो. चौदा महिने. चल, पळ आता, तास असेल तुझा."

पैज इथे जिंकली होती. दाराआड स्वरदा आणि तिची मैत्रीण जानकी श्वास रोखून उभ्या होत्या. पण जिंकल्यावर थांबणं अस्मिताला अजून जमत नव्हतं.

"काय केलं होतं?"

"काही नाही. वाकोल्याला मारामारी झाली, एकाचं डोकं फुटलं. मी बघत उभा होतो. बाकीचे पळाले, मी नाही पळालो. शेवटी निर्दोष सोडलं."

"शेवटी म्हणजे चौदा महिन्यांनी? आणि जामीन?"

"जामीन राहायला कोणीतरी लागतो ना गं. आईला गावाहून कोर्टापर्यंत यायचं कळत नव्हतं."

"वय काय होतं तुमचं?"

आता तो हसला. "कुठलं सांगू? कागदावर अठरा वर्षं तीन महिने. खरं सतरा वर्षं दहा महिने."

अस्मिताला कळेना. मग त्याने सांगितलं. गावच्या शाळेत पहिलीत बसायला सहा पूर्ण लागायची. याला पाच महिने कमी होते. गुरुजी चांगला माणूस. म्हणाले, पोराचं वर्ष कशाला वाया घालवायचं, लिहू एक जून. त्याच्या वर्गात एकवीस पोरांचा वाढदिवस एक जून होता.

"आई कोर्टात सांगत होती, सायेब, ह्यो कापूस वेचणीत जल्मलेला, सुईण अजून जिती हाय, तिला इचारा. साहेब म्हणाले, शाळेचा दाखला आहे ना, मग विषय संपला."

"पण तुम्हाला लहान मुलांच्या बोर्डापुढे न्यायला पाहिजे होतं. तसा कायदाच आहे."

"तू शिकलीस ते. बरं आहे. तेव्हा तिथे कोणी शिकलेलं नव्हतं."

"आत काय करायचात तुम्ही?"

"आत मोठी माणसं होती," किरणदादा म्हणाला आणि त्याने नळ पुन्हा सोडला. पाण्याच्या आवाजात पुढचं वाक्य जवळजवळ बुडालं. "कोणाला बोलू नकोस, बाळा. नऊ वर्षं झाली मला इथे."

"आईशप्पथ," अस्मिता म्हणाली. दाराबाहेर आली तेव्हा तिथे दोघींपैकी कोणीच नव्हतं.

संध्याकाळपर्यंत ते पालकांच्या ग्रुपवर होतं. सोमवारी मोठ्या बाईंच्या टेबलावर त्रेचाळीस सह्यांचं पत्र पोचलं. 'आमच्या पाल्यांच्या सुरक्षिततेसाठी' अशी सुरुवात. हजेरीपट ठेवायला गेलेली अस्मिता केबिनबाहेर थबकली. बाहेरच्या टेबलावर पत्राची एक प्रत पडली होती; सह्यांमध्ये तिसरी सही तिच्या बाबांची होती. लफ्फेदार, खाली दोन टिंबं असलेली. प्रगतिपुस्तकावरची.

"निकालाचा कागद आहे माझ्याकडे, बाई," आत किरणदादा सांगत होता. "प्लॅस्टिकमध्ये ठेवलाय. दाखवू का सगळ्यांना?"

"मला माहितीये रे तू निर्दोष आहेस," मोठ्या बाई, म्हणजे माधुरीबाई, म्हणाल्या. त्यांचा आवाज खरंच हळवा झाला होता. "पण कागद दाखवला की तू आत होतास हे पक्कंच होतं ना? मी तुझ्या ठेकेदाराशी बोलते. दुसरीकडे कुठेतरी लावतील तुला."

बाहेर आल्यावर त्याने अस्मिताला पाहिलं. ती पुढे झाली.

"हायड्रोक्लोरिकच्या बाटलीचं बूच सैल झालंय," तो म्हणाला. "नवीन माणूस येईल त्याला आठवणीने सांग. हात भाजेल नाहीतर."

घरी शोकेसमध्ये तिच्या ढालीशेजारी बाबांचा फोटो होता. ऑफिसातले सात जण, एकच केक, सुरीवर सात हात. सातही जणांचा एक जून. पाहुण्यांना दाखवायची ही घरातली जुनी गंमत.

"बाबा, तुम्ही सही का केलीत?"

"अगं, सगळेच करत होते," नंदकुमार म्हणाले. "मी पालक प्रतिनिधी. मागे राहिलो असतो तर बरं दिसलं असतं का?"

"पण ते निर्दोष सुटलेत."

"असेल. पण एकदा आत राहून आलेला माणूस... तूच म्हणालीस ना भाषणात, रेष मारावी लागते?"

अस्मिताने शोकेसमधल्या फोटोकडे पाहिलं. मग म्हणाली, "तुमचा खरा वाढदिवस कधी असतो?"

उत्तर कॉटवरून आजीने दिलं. सुंदराबाईंना हा प्रश्न फार आवडायचा. "थंडीतला हाय त्यो. शेकोटीपाशी झाला. गुरुजीनं एक जून लावला म्हनून शाळंत बसला, न्हाई तर वरीसभर म्हशीमागं हिंडला असता."

बाबा सवयीने हसले.

"किरणदादांचाही एक जूनच आहे," अस्मिता म्हणाली. "त्यांच्याही गुरुजींनीच लावलेला. तुम्ही त्यावर नोकरीला लागलात. ते आत गेले."

हसू कुठे ठेवावं ते बाबांना कळेना. आईने गॅस बारीक केला आणि ती ओट्यापाशीच उभी राहिली.

"मी उद्या मोठ्या बाईंना पत्र देणार आहे," अस्मिता दोघांकडे बघत म्हणाली. "प्रश्न मी विचारला, पैजेवर विचारला, आणि शपथ घेताना दाराआड दोघी उभ्या आहेत हे मला माहीत होतं, असं लिहिणार. ढालही परत करणार."

"त्याने काय होणार, बेटा? नवा माणूस ठरलाही असेल एव्हाना," आई म्हणाली.

"काही होणार नाही. माहितीये मला. तरी देणार. सही करेन, आणि सहीखाली जन्मतारीख लिहीन. माझी खरी आहे."