नातजावयाचे केस

“मान खाली घाल. अजून थोडी. घाबरू नकोस, आजवर माझ्या दुकानात कुणाचा कान पडलेला नाही.”

खुर्चीतला होणारा नातजावई हसला. “हलू नकोस, नाहीतर आज पडेल,” असं म्हणत बाबांनी त्याच्या दाट, बारीक कुरळ्या केसांत रुंद दातांचा कंगवा घातला. दोन तासांवर लग्न आलं होतं. दारात बाबांची मुलगी, म्हणजे नवरीची आई, नातजावयाचा इस्त्री केलेला कोट घेऊन उभी होती. तिला आत यावंसं वाटेना आणि जावंसंही वाटेना.

विशीत असताना तिचंही अशाच एका मुलावर प्रेम बसलं होतं. आफ्रिकी वंशाचा, काळा, उंच, केस असेच बारीक कुरळे, बोलायला लाघवी. बाबांनी त्याला आधी नुसतं बघावं म्हणून तिने त्याला गिऱ्हाईक करून दुकानात पाठवलं. बाबांनी त्याला खुर्चीत बसू दिलं नाही. “आमची कात्री या केसांना चालत नाही,” असं तोंडभर गोड हसून सांगितलं. दुकानातले सगळे काय ते समजले. तोही समजला आणि पुन्हा आला नाही. मग बाबांनी बघितलेल्या ठिकाणी तिचं लग्न झालं, संसारही बरा झाला; पण बाप-लेकीचं बोलणं तेव्हापासून कामापुरतंच उरलं.

गेल्या वर्षी नातीने असाच काळा मुलगा घरी आणला, तेव्हा सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून बाबा सकाळी गायब व्हायला लागले. पत्ता लागला तेव्हा मुलीने कपाळावर हात मारला. पंचाहत्तरी उलटलेला हा कारागीर त्या मुलाच्या वस्तीतल्या सलूनमध्ये शिकाऊ म्हणून लागला होता! तिथलं गिऱ्हाईक त्यांच्या हाती डोकं देईना. ते झाडू मारायचे, टॉवेल धुवायचे आणि बघत राहायचे. शेवटी एक म्हातारा ड्रायव्हर “घ्या, माझं काय उरलंय बिघडायला” म्हणत खुर्चीत बसला. बाबांनी ते बिघडवलंच. तरी तो बिचारा पुन्हा आला. या वयात हाताला नवं वळण लावणं म्हणजे खायचं काम नाही. आणि ज्यांना आपण दारातून परत पाठवलं, त्यांच्या दारात जाऊन शिकायला छाती लागते.

बाबांच्या हातातलं केस कापायचं मशीन थांबलं. कपाळावरची केसांची कड अगदी सरळ आली होती.

“आजोबा, एक नंबर!” नातजावई आरशात दोन्ही बाजूंनी बघत म्हणाला. मग सासूच्या हातून कोट घेऊन तो घाईने तयार व्हायला गेला.

दुकानात दोघंच उरली.

“बाबा,” ती दारातूनच म्हणाली. “हे तेव्हा का नाही हो शिकलात?”

काळच तसा होता, लोकांनी शेण घातलं असतं तोंडात, तुझ्याच भल्यासाठी केलं. बाबा देतील ती सगळी उत्तरं तिला इतक्या वर्षांत पाठ झाली होती. बाबा मशीन पुसत राहिले.

“शिकायचं काय त्यात. कात्री तेव्हाही चालली असती गं,” ते म्हणाले. “मीच चालू दिली नाही.”

ती आत आली, खुर्चीत बसली आणि अंबाडा सोडला.

“टोकं सारखी करून द्या. वेळ आहे अजून.”

बाबांनी तिच्या खांद्यांवर फडकं पसरलं आणि केस हातात घेतले. निम्म्याहून जास्त पांढरे झाले होते. ते त्यांनी इतक्या जवळून कधी पाहिले नव्हते.